एक तीन जास्त

जानेवारीतला शेवटचा रविवार, सकाळचे साडेदहा. ठिकाण: शहागडच्या अलीकडे, आमच्या गावातली जिल्हा परिषदेची शाळा. हजर: आमचे गणिताचे सर, त्यांना गाडीतून घेऊन आलेली त्यांची सून, शाळेच्या मुख्याध्यापिका, आमच्या वर्गातले वीस-बावीस जण आणि मी. असायला हवा होता पण नव्हता: माइकवाला. नको असताना हजर: एक तीन.

या शेवटच्याबद्दलच लिहायचं आहे. त्याने मला अजून सोडलेलं नाही.

मी अंकुशनगरला राहते आणि साखर कारखान्याच्या भांडार विभागात काम करते. बेअरिंग, पट्टे, नटबोल्ट, ग्रीसचे डबे. आलेला माल मोजून घ्यायचा, गेलेला माल लिहून द्यायचा. शाळेत मी मॉनिटर होते. त्यामुळे वर्गाचा स्नेहमेळावा घ्यायचं ठरलं तेव्हा काम कोण करणार हा प्रश्न कुणाला पडलाच नाही. ग्रुपवर अंगठे आले, जोडलेले हात आले, गुलाबाची फुलं आली. काम माझ्याकडे आलं.

मंडप, जेवण, खुर्च्या, सरांना आणायची गाडी. एकेक गोष्ट यादीवर घेतली आणि एकेक खोडत गेले. अडलं ते भेटवस्तूवर. शाल, श्रीफळ, स्मृतिचिन्ह, असं सगळ्यांचं म्हणणं. मी म्हटलं, तीस वर्षं शिकवलेल्या माणसाच्या कपाटात शालींना जागा उरली असेल का? त्यापेक्षा आपण वर्गात जे केलं होतं ते शाळेच्या भिंतीवर लावू. ग्रॅनाइटची एक पाटी, त्यावर ती संख्या, खाली सरांचं नाव. कल्पना चांगली होती. अजूनही चांगलीच आहे.

ती संख्या म्हणजे काय ते सांगितलं पाहिजे.

नववीत असताना सरांनी एकदा फळ्यावर ३१ लिहिले. त्याखाली ३३१. त्याखाली ३३३१. प्रत्येक ओळीत एक तीन वाढवायचा, शेवटी एक तसाच. म्हणाले, या सगळ्या मूळ संख्या आहेत, एक आणि ती स्वतः सोडून कशानेही भाग जात नाही. सहाव्या ओळीपर्यंत त्यांनी स्वतः तपासलं होतं. सातवी ओळ, म्हणजे सात तीन आणि एक, ही वर्गाने तपासायची होती: तीन कोटी तेहतीस लाख तेहतीस हजार तीनशे एकतीस.

रीत साधी होती. संख्येचे दोन अवयव पडत असतील, तर त्यांतला एक तरी तिच्या वर्गमुळाच्या आतला असणार. म्हणून पाच हजार सातशे त्र्याहत्तरपर्यंतच्या सगळ्या मूळ संख्यांनी भागून बघायचं, पुढे जायचं कारण नाही. पण त्या आतल्या मूळ संख्याच साडेसातशेच्या वर भरतात. सरांनी त्यांचा तक्ता करून भिंतीवर लावला आणि हजेरीच्या क्रमाने वाटून दिल्या, प्रत्येकाला वीसएक. एकाने भागायचं, शेजाऱ्याने उलटा गुणाकार करून बाकी मिळवायची, आणि मूळ आकडा परत आला तरच तक्त्यावर खूण करायची. माझ्या वाट्यात एक हजार नऊ होती. बाकी सात. एवढी एक बाकी मला अजून पाठ आहे.

दिवाळीच्या आधी सुरू केलेलं काम परीक्षेच्या तोंडावर संपलं. कशानेच भाग गेला नाही. सरांनी सगळ्यांना लिमलेटच्या गोळ्या वाटल्या. गावात मात्र फार कौतुक झालं नाही. पारावर एकाने सरांना गाठलं होतं.

"मास्तर, पोरं चार महिने भागाकार करून राह्यले. उत्तर काय निघालं मंग?"

"भाग जात नाही, हे निघालं."

"जात न्हाई तर आधीच सोडून द्यायचं ना."

सर हसले होते. त्या उन्हाळ्यात त्यांची परतूरकडे बदली झाली आणि दहावीला आम्हाला दुसरे सर आले.

पाटीचं विचारायला मी सरांना फोन केला. ते म्हणाले, "शाली पुष्कळ मिळाल्या. गणित कुणी लक्षात ठेवलं नव्हतं." आणि फोन ठेवता ठेवता: "नाव टाकणार असाल तर एक करा. माझ्या नावावर चूक नको. आयुष्यात तेवढं एक काम बिनचूक झालंय."

मी म्हटलं, सर, काळजी करू नका.

मजकूर मी स्वतः टाइप केला. संख्या नीट स्वल्पविराम देऊन लिहिली, ३,३३,३३,३३१, म्हणजे वाचणाऱ्याला तीन मोजत बसावं लागू नये. खाली: "ही संख्या एक आणि स्वतः यांशिवाय कोणत्याही संख्येने भागली जात नाही. नववीच्या वर्गाने सरांच्या मार्गदर्शनाखाली हे तपासले." त्याखाली सरांचं पूर्ण नाव. पाटी जालन्यात कोरून घ्यायची होती. आमच्या वर्गातला एक जण राजूरला असतो, गणपतीच्या देवळाबाहेर त्याचं नारळ, हार आणि पेढ्यांचं दुकान आहे. मालासाठी दर आठवड्याला जालन्याला जातो. तो म्हणाला, पाटीचं माझ्याकडं सोड. मी सोडलं. त्याला आम्ही सगळे शेठ म्हणतो आणि त्याला ते आवडतं, हे तेव्हाच ध्यानात घ्यायला हवं होतं.

शनिवारी दुपारी माझ्या क्वार्टरसमोर पिकअप थांबला. शहागडच्या भाईचा. हाही आमच्याच वर्गातला. महामार्गावर त्याचं हॉटेल आहे, ट्रकवाले जेवायला थांबतात. जालन्याहून पाटी उचलून शाळेत पोचवायचं काम त्याने आपणहून अंगावर घेतलं होतं आणि सांगितलेल्या वेळेला केलंही होतं. या सगळ्या प्रकरणात असं करणारा तो एकटा.

"मॉनिटर, एक नजर मार. मंग पुढं नेतो."

गोणपाट बाजूला केलं. काळा ग्रॅनाइट, सोनेरी अक्षरं. दिसायला सुरेख. शुद्धलेखन बरोबर, सरांचं नाव बरोबर. संख्येतले स्वल्पविराम मात्र सगळे गायब. नुसती तीनांची रांग आणि टोकाला एक.

माल आला की मी मोजते. समोरचा कितीही ओळखीचा असला तरी मोजते. बोट ठेवून मोजले. आठ. उलटीकडून मोजले. आठ. भाईला मोजायला लावले.

"आठ हायेत. बराबर?"

"सात पाहिजेत."

"एक जास्त दिला मंग. चांगला माणूस है पाटीवाला."

मी तिथेच शेठला फोन लावला. मागे देवळातली घंटा आणि गिऱ्हाईकांचा गलका.

"शेठ, पाटीवर आठ तीन आहेत."

"हां, मीच सांगितलं वाढवायला."

"का?"

"तुझ्या कागदात चूक होती ना. तीन कोटी लिहिलं होतंस तू. म्या दुरुस्त करून टाकलं."

"चूक कशावरून?"

"आता बघ. तीन कोटी देव असतात का? तेहतीस कोटी. लहान लेकराला विचार. सर एवढे मोठे माणूस, ते तीन कोटी कशाला घेतील? घ्यायचं तर पूर्ण घेतील."

"सर देव मोजत नव्हते, शेठ. भागाकार करत होते."

"मी ग्रुपवर विचारलं होतं. तेहतीस कोटीच ना? म्हणून. सगळ्यांनी अंगठे दिले."

"मी नाही दिला."

"तू त्या दिवशी जेवणाच्या यादीत होतीस. वांग्याची भाजी का मटकी, ते चाललं होतं तुझं."

ग्रुप उघडून पाहिला. होता त्याचा निरोप. वर कुणाची तरी शुभ सकाळ, सूर्यफुलासकट; खाली मटकीवरची चर्चा. मधे ही तेहतीस कोटींची विचारणा आणि तिच्याखाली अंगठ्यांची ओळ. ज्यांनी स्वतःच्या हाताने त्या संख्येला वीस-वीस वेळा भागलं होतं त्यांचे अंगठे. एकालाही तीन कोटी आठवले नाहीत. तेहतीस कोटी सगळ्यांच्या तोंडात बसलेलं, म्हणून तेच बरोबर वाटलं.

"आणि स्वल्पविराम?"

"ते पाटीवाला म्हणला, आकड्यात किडे बसल्यासारखे दिसतात."

फोन ठेवल्यावर मला एक आशा वाटली. सात ओळी मूळ निघाल्या होत्या. आठवीही निघाली तर? मग पाटी खोटी ठरणार नाही, फक्त वेगळी ठरेल, आणि सरांना समजावता येईल. गेटपासच्या कोऱ्या बाजूवर भागायला बसले. फोनमध्ये गणकयंत्र आहे, पण सरांचा भागाकार फोनवर करायला हात धजेना. भाई चहाचा कप घेऊन उभा.

दोनने प्रश्नच नाही. तीनने नाही, अंकांची बेरीज पंचवीस. पाचने नाही. सातने बाकी दोन. अकराने एक. तेराने सहा. मग सतरा. एकेक तीन खाली उतरवत गेले आणि शेवटी टोकाचा एक उतरवला तेव्हा समोर एक्कावन्न उभे राहिले. सतरा त्रिक एक्कावन्न.

"गेला का भाग?"

"गेला."

"पूरा?"

"पूर्ण. बाकी शून्य."

भाईने पाटीवरचा मजकूर पुन्हा वाचला. या वेळी हळूहळू. "म्हणजे हे खाली लिहिलंय ते..."

"खोटं आहे."

"अन् त्याच्याखाली सरांचं नाव." त्याने कप खाली ठेवला. एवढ्या वेळात पहिल्यांदा त्याने थट्टा केली नाही.

पाटीवाल्याला फोन केला. नवीन पाटीला आठ-दहा दिवस. पुन्हा शेठला फोन केला: उद्या पाटी उघडायची नाही, नुसता सत्कार करू. तो बिलकुल ऐकेना. सरपंचांना बोलावलंय, पाटीचं सगळ्यांना सांगून झालंय, आता न्हाई म्हणायचं का? "अन् एवढं कोण मोजतंय, मॉनिटरबाई? सरांना तर धड दिसत पण न्हाई आता."

या वाक्यावर मी फोन कापला. सरांना दिसत नाही म्हणून चालेल, हे वाक्य मला दगडातल्या चुकीपेक्षा जड गेलं.

रविवारच्या यादीत पहिली ओळ मी लिहिली: सर गाडीतून उतरताच सांगणे. पाटी झाकलेलीच ठेवायची.

सर उतरले तेव्हा मी गेटवर नव्हते. माइकवाला आला नव्हता म्हणून मी मंडपामागे फोनवर त्याच्याशी भांडत होते. तो म्हणत होता, ताई, निघालोच आहे. मागून त्याच्या घरातल्या टीव्हीचा आवाज येत होता. मी गर्दीतून पुढे पोचेपर्यंत हार घालून झाले होते, शेठने एका हातात नारळ आणि दुसऱ्या हातात सरांचा दंड धरून त्यांना थेट भिंतीपाशी नेलं होतं, आणि पडद्याची दोरी सरांच्या हातात होती.

"सर, एक मिनिट," मी म्हटलं. टाळ्यांत ते कुणालाच ऐकू गेलं नाही.

पडदा पडला. टाळ्या वाढल्या. सर पाटीच्या अगदी जवळ गेले, नाक लागेल इतके. त्यांच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू आहे. त्यांनी बोट वर नेलं आणि पहिल्या तीनवर ठेवलं, मग दुसऱ्यावर. फळ्यावर आमचं गणित तपासताना त्यांचं बोट असंच चालायचं. टोकाच्या एकपाशी ते थांबलं. परत मागे गेलं. पुन्हा पुढे आलं. टाळ्या एकेक करून बंद झाल्या.

"स्वल्पविराम कुठे आहेत?" सर म्हणाले.

शेठने नारळ या हातातून त्या हातात घेतला.

"मॉनिटर आहे का?"

"आहे, सर."

"तीन किती आहेत?"

"आठ."

"पाहिजेत किती?"

"सात, सर."

"मग हा आठवा कुठून आला?"

शेठ नारळ हातात घेऊन पुढे झाला. "सर, ते तेहतीस कोटी... म्हणजे देव..."

"देव आपल्या वर्गात नव्हते," सर म्हणाले. "असते तर त्यांनाही वीस भागाकार दिले असते."

लोक हसले. शेठही हसला, त्याला वाटलं सुटलो. सर हसत नव्हते. त्यांनी माझ्याकडे तोंड वळवलं.

"ही भागली जाते?"

"जाते, सर. सतराने."

"कधी केलंस?"

"काल."

"काल." त्यांनी मागे हात नेला, सुनेने खुर्ची पुढे सरकवली, ते बसले. "नववीच्या सुट्टीत हाच अभ्यास दिला होता मी. पुढची ओळ तपासून आणा, आठ तीन आणि एक. माझी बदली झाली, वह्या बघायच्या राहिल्या. मी समजत होतो, केला असेल सगळ्यांनी. सतरापर्यंतच तर जायचं होतं."

आम्ही वीस-बावीस माणसं, कुणाची मुलं इंजिनियर, कुणाला नातू झालेला, खाली माना घालून उभी. तो अभ्यास दिल्याचं तोवर एकालाही आठवलं नव्हतं. त्यांनी सांगितल्यावर मात्र मला स्पष्ट दिसलं: फळ्याच्या उजव्या कोपऱ्यात ती ओळ आणि तिच्यापुढे प्रश्नचिन्ह.

"सात ओळी मूळ निघाल्या की माणसाला वाटतं आठवीही निघणार," सर म्हणाले. आवाज मोठा नव्हता, पण मंडपाच्या टोकापर्यंत गेला. माइकवाल्याची गरज नव्हती. "वाटतंच. मलाही वाटलं होतं. म्हणून तो अभ्यास दिला होता. पहिल्या सातांचा भरवसा आठवीला द्यायचा नाही, एवढंच शिकवायचं राहिलं होतं. आणि तुम्ही नेमकी तीच दगडावर कोरून आणली. खाली माझं नाव घालून."

"बदलून घेऊ, सर," मी म्हटलं.

"बदला. पण तोवर नाव झाका."

मुख्याध्यापिका आत जाऊन उत्तरपत्रिकांचे गठ्ठे बांधायची खाकी चिकटपट्टी घेऊन आल्या. मी सगळ्यांसमोर सरांचं नाव झाकलं. दोन पट्ट्या लागल्या. फोटोवाला शांतपणे त्याचेही फोटो काढत होता. मी त्याच्याकडे पाहिलं तेव्हा म्हणाला, मॅडम, जरा हसा. त्यानंतर सरपंच बोलायला उभे राहिले आणि तेहतीस कोटी देवांच्या कृपेने ही पाटी आपल्या गावाला लाभली असं म्हणाले. मघाशी घडलेलं त्यांच्या डोक्यावरून गेलं होतं. भाईने माझ्याकडे बघून कपाळाला हात लावला.

जेवताना दुरुस्तीची चर्चा सुरू झाली आणि तिथून माझ्या यादीचं वाटोळं झालं.

पहिली सूचना ग्रुपवरून आली. आमचा एक जण पुण्यात संगणकाचं काम करतो. मेळाव्याला येऊ शकला नव्हता, पण सल्ला द्यायला वेळ होता. त्याने लिहिलं: काढता येत नसेल तर वाढवा. मी प्रोग्राम चालवून पाहिला. नऊ तीनांची ओळ सहाशे त्र्याहत्तरने जाते. दहा तीनांची तीनशे सातने. अकरा तीनांची एकोणीसने. अशी एकेक ओळ पडत जाते आणि थेट सतरा तीन आणि एक झाले की पुन्हा मूळ संख्या मिळते. म्हणजे पुढे नऊ तीन कोरा, पाटी खरी.

यावर अंगठे आले.

मी उठून मापाचा टेप लावला. पाटीच्या डाव्या बाजूला जेमतेम पाच तीनांना जागा. तरी सरांना वाचून दाखवलं. ते ऐकत राहिले, खुश झालेले दिसले, दोनदा पुन्हा विचारलं: सतरा तीन? खरंच? मग म्हणाले, "छान आहे. पण हे मी तपासलेलं नाही, तुम्हीही नाही. त्याखाली माझं नाव घालायचं नाही."

शेठ म्हणाला, आकडाच नको मंग. सरांचा फोटो लावू, मोठा, हारासकट. सून पटकन म्हणाली, "हार नको हो भाऊ, अजून आहेत ते." तेवढ्यापुरतं सगळे हसले. सरांनी पण मटकीचा एक घास घेतला.

शेवटी सरांनीच मार्ग सांगितला, आणि तो मला ऐकण्याआधीच माहीत होता. वहीत चूक झाली तर आम्हाला खोडरबर चालवायची परवानगी नव्हती. चुकीवर आडवी एक रेघ, सरळ, चूक वाचता येईल अशी. आणि खाली बरोबर उत्तर. "पाटी फेकायची नाही," ते म्हणाले. "जास्तीच्या तीनवर रेघ मारा. खाली जागा आहे, तिथे लिहा, आठ तीनांची ओळ सतराने भागली जाते. पोरांना दोन्ही दिसू द्या."

सोपं काम. कटरची एक रेघ, खाली एक ओळ.

सोमवारी मी पाटीवाल्याला फोन केला. खालची ओळ कोरायला तो तयार होता. रेघेला नाही.

"तेहतीस कोटीवर कटर चालवू? न्हाई हो ताई. मी दिवसभर देवाच्याच पाट्या करतो."

"तेहतीस कोटी नाहीत ते. एक संख्या आहे."

"तुमच्यासाठी असंल. राजूरच्या शेठनं सांगितलंय मला, काय हाये ते."

शेठला फोन केला. तो म्हणाला, पाटीवाल्याचं बराबर हाये. देवाच्या दारात धंदा करणाऱ्या माणसाने अशा कामात पडायचं नसतं, त्याचं नाव यातून काढून टाक. काढलं.

तोवर ग्रुपवर नवीन वाद पेटला होता: आठांतला जास्तीचा तीन कोणता? कुणी म्हणे पहिला, कारण वाढवला तो पुढे. कुणी म्हणे शेवटचा, एकच्या शेजारचा. एकाने मधल्याची बाजू घेतली, पाटी दोन्हीकडून सारखी दिसेल म्हणून. आठ तीनांत मधला कोणता हे त्याला विचारल्यावर तो ग्रुपमधून बाहेर पडला. मी लिहिलं, सगळे तीन सारखेच आहेत, कोणताही एक कापा. यावर एकही अंगठा आला नाही. भाईने मला वेगळा निरोप पाठवला: "ज्याच्यावर कटर पोचंल तो."

भाईच्याच ओळखीचा एक वेल्डर आहे शहागडला. तो म्हणाला, मला काही अडचण नाही, दगड तो दगड. फुटक्या फरशीवर त्याने दोन रेघा मारून दाखवल्या. दुसरी छान आली. मी दिवस ठरवला आणि कळवायला सरांना फोन केला.

सर म्हणाले, "रेघ मी मारणार."

"सर, कटर असतो. जड असतो तो. ठिणग्या उडतात."

"तो माणूस मशीन धरेल. मी त्याच्या हातावर हात ठेवीन. पण आधी डोळ्याचं ऑपरेशन होऊ दे. मला दिसलं पाहिजे, कुठे मारतोय ते. दगडावरची रेघ पुन्हा खोडता येत नाही."

त्यांचंच बरोबर होतं. तपासल्याशिवाय ज्या माणसाने आयुष्यात खूण केली नाही, तो न दिसता रेघ कशी मारेल?

तेव्हापासून वाट बघणं चालू आहे. ऑपरेशनची पहिली तारीख सरांची रक्तातली साखर वाढल्यामुळे गेली. दुसरी तारीख मुलाला रजा न मिळाल्यामुळे गेली. तिसरीला डॉक्टरच गावाला गेले. मी सुनेला विचारते, पथ्य पाळतात का? ती म्हणते, पाळतात हो, पण राजूरहून ते भाऊ दर चतुर्थीला पेढे पाठवतात. शेठला मी फोन करून बजावलं. तो म्हणाला, प्रसादानं कुणाची साखर वाढत न्हाई.

वेल्डर दर महिन्याला भाईला विचारतो, ते मास्तरांचं कधी? खालची ओळ पाटीवाला शाळेत येऊन कोरून गेला, तेवढं झालं. तिच्यात ती आठ तीनांची संख्या आकड्यांत घातली आणि स्वल्पविराम मी शेजारी उभी राहून करून घेतले. उन्हाने चिकटपट्टी सुटते. कामाची सुट्टी असली की मी अंकुशनगरहून एसटीने जाते, जुनी पट्टी काढते, नवीन लावते. खाली सरांचं नाव चांगलं कोरलेलं आहे. पट्टीवरून बोट फिरवलं तर हाताला लागतं.

दर रविवारी सकाळी सरांचा फोन येतो. तब्येतीचं मी विचारायच्या आधीच विचारतात, "नाव झाकलेलं आहे ना?"

"आहे, सर."

"आणि रेघ?"

"तुमचीच वाट बघतोय."

पहिल्या तीनवर मी पांढऱ्या पेन्सिलने खूण करून ठेवली आहे, कटर कुठे टेकवायचा त्याची. पावसाने ती एकदा गेली, मी पुन्हा केली. रेघ अजून मारायची आहे.